दिंडोशीची टाकी आणि मुलुंडचं विरजण

माझ्या नावावर शोधनिबंध बरेच आहेत. त्यांतल्या एकावरही कधी कपभर चहा उकळला नाही. ही तक्रार नव्हे. निवृत्त माणसाला खरं बोलायची मुभा असते, तिचा फायदा घेतेय इतकंच.

अंधेरीच्या एका कॉलेजात मी केमिकल इंजिनिअरिंग शिकवलं आणि शाश्वत ऊर्जा या विषयात संशोधन केलं. पहिल्या गोष्टीबद्दल लोकांचा समज असा, की बाई साबण करायला शिकवतात. आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमधले एक आजोबा तर मला भेटतील तेव्हा झुरळांवरचं औषध विचारायचे. दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणाचाच काही समज नव्हता. शाश्वत ऊर्जा म्हटलं की माणसं आदराने मान हलवतात आणि मुलं काय करतात म्हणून विचारतात. त्या विषयावरचे परिसंवादही मजेशीर असत. एसी इतका कडक, की वीज कशी वाचवावी यावर मी शाल पांघरून बोलले आहे.

गिऱ्हाइकं मात्र झकास भेटली. प्राध्यापकाला कसली आलीत गिऱ्हाइकं, असं वाटेल. पण ऊर्जेवर काम करणाऱ्या बाईचा पत्ता कसा कोण जाणे, सगळ्यांना सापडतो. एक गृहस्थ पाण्यावर चालणारी स्कूटर घेऊन आले होते. कॉलेजच्या आवारात त्यांनी ती गोल गोल फिरवून दाखवली. मी सीट उचला म्हटल्यावर एकदम त्यांना घरी पाहुणे येणार असल्याची आठवण झाली. घाटकोपरचे एक फरसाणवाले तळणीच्या उरलेल्या तेलाचं डिझेल करायला माझ्याकडे शिकले. खरोखर शिकले, त्यांची गाडी त्यावर चालली. फक्त ती जिथून जाई तिथे भज्यांचा वास सुटे आणि माणसं दुकान शोधत फिरत. ते म्हणाले, "मॅडम, डिझेल राहू दे, जाहिरात भारी झाली." खारदांड्याची एक कोळीण माशांच्या टाकाऊ भागांचं काय करता येईल हे विचारायला यायची आणि माझ्या उत्तरापेक्षा मोठी सुरमई ठेवून जायची.

पण मला सांगायचं आहे ते दिंडोशीच्या टाकीबद्दल. कारण तिने मला जितका घाम फोडला, तितका माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून फोडला नसेल.

आधी ही टाकी म्हणजे काय ते सांगते. स्वयंपाकघरातला ओला कचरा हवाबंद टाकीत घातला की आतले जंतू तो खातात आणि त्याचा गॅस होतो, तो शेगडीत जळतो. बायोगॅस म्हणतात तो हाच. आत जंतूंच्या दोन टोळ्या असतात. पहिली टोळी अन्न फोडून त्याचं आंबट आम्ल करते. ती भराभर काम करते आणि खादाड असते. दुसरी टोळी ते आम्ल खाऊन गॅस करते. ती हळू आणि नाजूक, जरा काही बिनसलं की काम टाकून बसते. एकीने भाज्या चिरून ओट्यावर ढीग लावावा आणि दुसरीच्या कढईत जागाच नसावी, अशी गत झाली की टाकी आंबते. आंबलेल्या टाकीत गॅस होतो, पण तो पेटत नाही.

हे सगळं लोकांना समजावताना मी शास्त्रीय शब्द कधी वापरले नाहीत. मी सांगायचे, "हे पोट आहे. घरातल्या माणसाचं सांभाळता तसं सांभाळा." आणि नवी टाकी सुरू करताना चालू टाकीतला रबडा थोडा आणून ओतायचा असतो, त्याला मी म्हणायचे विरजण. माझी ही उदाहरणं फार लोकप्रिय होती. कॉलेजात माझ्या शिकवण्याचं जे काही नाव होतं ते त्यांच्याच जोरावर. त्यांनीच मला शेवटी गाठलं.

दिंडोशीच्या एका वसाहतीत, मागच्या कोपऱ्यात, आम्ही ही टाकी बसवली होती. तिच्या शेजारी एक खोली, तीत परब काकूंचं स्वयंपाकघर. वसाहतीच्या बालवाडीतल्या मुलांचा खाऊ काकू तिथे टाकीच्या गॅसवर करायच्या. काकू मूळच्या मालवणच्या. यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पुढे यजमानही गेले, मुलगा दुबईला. त्या म्हणायच्या, मला घरात बसवलंत तर मी आठवड्यात जाईन. हे त्या उगीच म्हणत नव्हत्या, हे त्यांच्याकडे बघून कळायचं. सकाळी मुलं खिचडीसाठी रांगेत उभी राहिली की काकूंची पाठ आपोआप सरळ व्हायची.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी त्या कोपऱ्यावर गदा आली. वसाहतीत गाड्या वाढल्या होत्या. टाकी आणि खोली पाडून तिथे पार्किंग करावं, असा विषय सर्वसाधारण सभेपुढे येणार होता. सेक्रेटरी सुरेश गावडे हा बँकेतला माणूस, तोंडाने फटकळ. मला म्हणाला, "मॅडम, मी सरळ सांगतो. टाकी नीट चालू असेल तर मी लोकांना तोंड देऊ शकतो. बंद टाकीसाठी कोण मत देणार? मीपण नाही देणार."

"चालूच आहे की," मी ऐटीत म्हटलं.

तेव्हा श्रावण सुरू होत होता.

श्रावणात वसाहतीतल्या प्रत्येक बिल्डिंगचा सत्यनारायण असतो आणि प्रत्येक बिल्डिंगचा शिरा शेजारच्या बिल्डिंगपेक्षा जास्त असावा लागतो. साहजिकच तो उरतो. आता प्रसाद कचऱ्याच्या डब्यात टाकायला कुणाचा हात धजणार? पण टाकीत टाकायला हरकत नव्हती. टाकी खाते. बाईंनीच सांगितलंय की ते पोट आहे. म्हणजे प्रसाद वाया गेला नाही, कुणाच्या तरी मुखी लागला. लोकांनी समाधानाने पातेलीच्या पातेली साजूक तुपातला शिरा टाकीत ओतला. कुणी वर तुळशीचं पानही ठेवलं असेल.

साखर आणि रवा म्हणजे पहिल्या टोळीची चंगळ. ओट्यावर ढीग लागला आणि कढईवाली टोळी रुसून बसली. काकूंच्या शेगडीची ज्योत आधी पिवळी झाली, मग फुरफुरू लागली, मग पेटेना.

गावडेचा फोन आला. "मॅडम, वाट लागली. लवकर या."

मी गेले तर वास नाकात शिरला. आंबलेल्या पिठाचा, डोळ्यांत पाणी आणणारा. मला शिऱ्याचं कळलं आणि मी कपाळाला हात लावला. तरी म्हटलं, अजून वेळ आहे. खाणं पूर्ण बंद करायचं, थोडा चुना घालायचा, हळूहळू येईल ठिकाणावर. तसं सगळ्यांना बजावून मी आले. पुन्हा गेले तर टाकी आणखी आंबलेली. मला कळेना. चुना बरोबर होता, कचरा बंद होता. मी गावडेवर संशय घेतला, त्याने बिल्डिंगवाल्यांवर घेतला. तेवढ्यात काकू पातेलं घेऊन आल्या आणि झाकण उघडून आत काहीतरी ओतायला लागल्या.

"काकू! काय घालताय?"

"पेज," काकू शांतपणे म्हणाल्या. "तेका बरा नाय हा, म्हणान रोज पेज देतंय. मऊ करून, मीठ घालून."

पेज म्हणजे भाताचं पातळ, पिठूळ पाणी. आंबलेल्या टाकीला ती देणं म्हणजे पुन्हा पहिल्या टोळीचंच जेवण.

"काकू, मी खाणं बंद सांगितलं होतं ना?"

"खाणा बंदच आसा. पेज काय खाणा? आजारी माणसाक शिरो देतत काय? पेजच देतत." मग माझ्याकडे जरा रागानेच बघून म्हणाल्या, "तुमीच सांगितलात मा, तां पोट आसा म्हणान?"

गावडे तोंड फिरवून हसत होता. मला हसू येत नव्हतं. सभा पुढच्याच रविवारी होती, आणि काकूंच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं की आपण जिवापाड सेवा करतोय आणि तरीही हे पोर काही डोळे उघडत नाही. त्यांना मी काय सांगणार होते? की तुमच्याच हाताने ते जास्त आजारी पडलं? एवढ्या वर्षांत अनेक विद्यार्थ्यांना मी "चुकलं" असं तोंडावर सांगितलं आहे. काकूंना नाही सांगू शकले.

उदाहरणं देणार नाही अशी मनाशी शपथ घेतली आणि लगेच मोडली. म्हटलं, "काकू, हा ताप नाही, अपचन आहे. अपचनाला आपण काय करतो?"

"लंघन," काकू म्हणाल्या. पातेलं खाली ठेवलं. "मगे आधी कित्याक नाय बोललात?"

त्या क्षणापासून काकूंनी टाकीजवळ खुर्ची टाकली. उरलेल्या बिल्डिंगचे सत्यनारायण व्हायचे होते. शिरा घेऊन येणाऱ्यांना त्या लांबूनच हाकलायच्या. एका गृहस्थांनी थोडासाच आहे, प्रसाद आहे, असं म्हटलं, तर काकूंनी तो शिरा त्यांनाच तिथे उभं राहून खायला लावला.

पण नुसत्या लंघनाने टाकी ठिकाणावर यायला महिना गेला असता. कढईवाली टोळी जवळजवळ संपली होती. नवी आणायला हवी होती, म्हणजे विरजण. निरोगी, चालू टाकीतला रबडा, आणि तोही पिंपं भरून. मला आठवली मुलुंडची टाकी. मुलुंडच्या एका सोसायटीत आम्ही ती नंतर बसवली होती आणि तिला विरजण गेलं होतं ते दिंडोशीचंच. काकूंनी स्वतःच्या हाताने पिंप भरून दिलं होतं.

वसाहतीतल्या एका भाजीवाल्याचा टेम्पो संध्याकाळचा मोकळा असायचा, तो मिळाला. चालवायला कोण? गावडे बँकेतून आला तसाच, इस्त्रीच्या पँटमध्ये, स्टिअरिंगवर बसला. "मी टाकीच्या बाजूचा नाही हं मॅडम," तो म्हणाला. "काकूंच्या बाजूचा आहे. टाकी नव्हती तेव्हा, बालवाडीत मला त्यांनीच खाऊ घातलाय."

"मग पार्किंगचा विषय कशाला घेतलास?"

"सेक्रेटरी आहे ना मी. लोक रोज दारात भांडायला उभे असतात."

गोरेगाव-मुलुंड लिंक रोडने त्या दिवशी आमची परीक्षा पाहिली. पिंपं मागे दणदण वाजत होती, गावडे प्रत्येक सिग्नलला कुणा ना कुणाचा उद्धार करत होता आणि मी मनात आम्लाचे हिशेब करत होते. मुलुंडला पोचलो तेव्हा घराघरांत दिवे लागत होते.

तिथली टाकी बघायच्या केळकर वहिनी. शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. टाकीचा परिसर असा लख्ख, की समोर रांगोळी. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फार वाईट वाटल्याचं म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "पण आता नाही देता यायचं. दिवेलागणी झाली."

"म्हणजे?"

"तिन्हीसांजेनंतर घरातलं विरजण बाहेर देत नाहीत. उद्या सकाळी या, हवं तेवढं न्या."

"वहिनी, उद्या सकाळी टेम्पो नाही. आणि हा खरकट्याचा रबडा आहे हो!"

"तुम्हीच म्हणाला होतात, विरजण आहे, घरच्यासारखं जपा. मी जपलं. आमची टाकी एकदाही बिघडलेली नाही."

हे खरंच होतं. माझ्या सगळ्या टाक्यांत ती सर्वांत तब्येतीने राहिलेली. गावडे माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काय यार मॅडम, कसली कसली उदाहरणं देता तुम्ही!"

मी वाद घालायच्या बेतात होते. जंतूंना दिवसरात्र कळत नाही वगैरे भाषण ओठांवर आलं होतं. पण समोर बघितलं तर त्या बाई माझ्याइतक्याच अवघडलेल्या. त्यांना द्यायचं होतं. नियम मोडायचा नव्हता आणि दारी आलेल्याला रिकामं पाठवायचंही नव्हतं. मी हळूच म्हटलं, "काकूंनी तुम्हाला दिलं होतं तेच परत न्यायला आलेय, वहिनी. त्यांची चूल बंद आहे."

वहिनींनी तुळशीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी तुळशीपुढे दिवा लावून येते. माझं तिकडे लक्ष असेल." आणि आमच्याकडे पाठ करून वृंदावनापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आम्ही पिंपं नळाखाली ओढली. तेवढ्यात तिकडून, पाठमोऱ्याच, खणखणीत आवाज आला, "तो नळ डावीकडे फिरवायचा! जोर लावा! आणि पँट सांभाळा!"

शेवटची सूचना जरा उशिरा आली. पिंपं भरली, झाकणं लागली, गावडेची पँट कामातून गेली. आम्ही निघताना वहिनी हात जोडून तुळशीकडेच बघत होत्या. दिवा केव्हाचा लागला होता. "पोचलात की त्याला लगेच जेवायला घालू नका," एवढं त्या हवेला उद्देशून म्हणाल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. कॉलेजात माझ्या निरोपाची तयारी चालली होती, कुणी भाषणासाठी माझ्या संशोधनाची माहिती मागत होतं, आणि माझा जीव दिंडोशीला. प्रयोगशाळेत मी काचेच्या भांड्यांत जे जे केलं ते बहुतेक तिथेच राहिलं. फार सुंदर राहिलं, आलेखांसकट. विद्यार्थी परदेशी गेले, त्यांचं बरं झालं, प्रबंध कपाटात गेले. त्याचं वाईट वाटतं, वाटत नाही असं कशाला म्हणू? बाहेरच्या जगात माझं म्हणावं असं जे थोडं होतं त्यातली ही टाकी, आणि ती शिऱ्याने जाणार होती. मी रोज जाऊन वास घेत होते. आंबटपणा उतरत होता. ओल्या मातीसारखा वास यायला लागला तेव्हा आशा वाटली, पण शेगडीजवळ जायचं धाडस होईना.

रविवारी सकाळी, सभेच्या आधी, काकूंनीच काडी ओढली. फुरफुर झालं आणि विझलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी कॉक जरा मागेपुढे केला, नळीत साचलेली हवा जाऊ दिली आणि दुसरी काडी ओढली. ज्योत धरली. आधी कडेकडेने, मग पूर्ण गोल, निळी.

मी तिथेच पाटावर बसले आणि रडले. छातीवर कुणी गुडघा देऊन बसलं होतं ते उठून गेल्यासारखं वाटलं. पदवी मिळाली तेव्हा, प्राध्यापक झाले तेव्हा, आनंद झाला होता. सुटल्यासारखं त्याच दिवशी वाटलं. काकू म्हणाल्या, "रडतास कित्याक? जिवंत आसा तां," आणि त्यांनी सभेच्या चहाचं आधण ठेवलं.

सभेत पार्किंगचा विषय आला. मागून कुणीतरी म्हणालं, "ती टाकी तर बंदच पडलीय ना?" गावडे नवी पँट घालून अध्यक्षांशेजारी बसला होता. त्याने हातातला कप वर केला. "हा चहा कशावर झालाय म्हणता? तुम्ही दुसरा कप घेतलात तेव्हा नाही विचारलंत." लोक हसले. गाड्यांसाठी पुढच्या फाटकाजवळची जागा आखून घ्यायची ठरली आणि कोपरा राहिला. दोन-तीन जण कुरकुरले, तेही चहा संपवूनच.

मी निवृत्त झाले. आता महिन्यातून कधीतरी बोरिवलीहून दिंडोशीला जाते. पहिल्यांदा जायचे ती वास घ्यायला, मापं बघायला. हळूहळू लक्षात आलं की माझं तिथे काही काम उरलेलं नाही. टाकीच्या भिंतीवर कुणीतरी रंगाने लिहिलं आहे, 'शिरा घालू नये'. श्रावणातला उरलेला शिरा आता बिल्डिंगा एकमेकींकडे पाठवतात आणि काकूंची खुर्ची तिथे असतेच.

परवा अशीच गेले होते. दिवे लागायची वेळ. घाटकोपरच्या एका सोसायटीची तरुण इंजिनिअर मुलगी झाकणाचं पिंप घेऊन आली होती. त्यांना नवी टाकी सुरू करायची होती, थोडा रबडा हवा होता. मी तोंड उघडणार एवढ्यात काकू खुर्चीवरून उठल्या. "मी देवाकडे दिवो लावतंय," त्या म्हणाल्या. "माका काय दिसणा नाय." आणि भिंतीकडे तोंड करून, "नळ जोरात फिरव गो!"

केळकर वहिनींची गोष्ट गावडेने इथे सांगितली असणार. मुलगी गोंधळून पिंप भरत होती. मध्येच तिने माझ्याकडे बघून काकूंना विचारलं, "या कोण? टाकीचं काम या बघतात का?"

"नाय गो," पाठमोऱ्या काकू म्हणाल्या. "ती आमची बाय. चायेक येता."

मी कप पुढे केला.